आबांच्या हातची गोळी

माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो, जेवता जेवता मधेच मान वर करून "हाजर" म्हणायचा. घास हातात, नजर दाराकडं आणि आवाज असा खणखणीत की भिंतीपलीकडचं तान्हं पोर दचकून रडायला लागायचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा वहिनी, म्हणजे दादाची बायको, पदर सारखा करून दारात कोण आलंय ते बघायला उठल्या. दारात कुणी नव्हतं. आमची शेळी उभी होती, पण ती काही कुणाची हजेरी घेणाऱ्यांतली नव्हती.

हे शेळीचं वाक्य मी इतक्यांदा सांगितलंय की आता घरातली पोरंच ते माझ्या आधी म्हणून टाकतात. आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं आलं, कारण दुसरं कुठलं खातं माझ्या हाती देण्यासारखं नाही हे घरच्यांनी फार लवकर ओळखलं. बारसं असो, लग्न असो, माणसं जमली की मला मधे बसवतात आणि दादाची हजेरी सांगायला लावतात. मी सांगतो. शेळीपाशी हसू इतकं मोठं येतं की पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून पुढचं लिहून काढतोय. लिहिलेलं तरी कुणी मधे हसून तोडत नाही.

आमचं गाव तामलवाडीच्या अंगाला, सोलापूर-तुळजापूर रस्त्यापासून आत. गावाच्या कडेला आमची बौद्धांची वस्ती आणि वस्तीच्या मागं दगडाची खाण. बहात्तरच्या दुष्काळात त्या खाणीवर सरकारी काम निघालं. विहिरींनी तळ दाखवला होता, ज्वारी उभी जळाली होती, त्यामुळं मानपान बाजूला ठेवून अख्खं गाव तिथं खडी फोडायला बसलं. ज्यांच्या रानात आम्ही मजुरीला जायचो त्यांच्याच बायका आमच्या आईशेजारी पाय पसरून हातोडा मारायच्या. माझ्याही हातात हातोडा दिला होता. पण मी दगडापेक्षा अंगठाच जास्त फोडला, म्हणून मला पाणी वाटायला लावलं. दादा सातवी पास आणि गळा मोठा, त्यामुळं तो टोळीचा मुकादम झाला. सकाळी हजेरी पुकारायचं काम त्याचं. एकेक नाव तो असं पुकारायचा की खाणीच्या पलीकडच्या कड्यावर आपटून ते परत यायचं. ज्याचं नाव आलं त्यानं "हाजर" म्हणायचं. उत्तर आलं नाही तर खाडा, आणि खाडा म्हणजे सरकारकडून खायला मिळायची ती त्या दिवसाची सुकडीसुद्धा नाही.

टोळीत एक म्हातारी होती. एका सकाळी तिचं नाव पुकारलं तर उत्तर आलं नाही. दादानं परत पुकारलं, आणखी मोठ्यानं पुकारलं, आणि शेवटी नियमाप्रमाणं खाडा धरला. दुपारी कळलं की म्हातारी आपल्या खोपटात मरून पडली होती. त्यात दादाची काही चूक नव्हती. सगळ्यांनी त्याला तसं सांगितलं आणि त्यालाही ते पटलं होतं. निदान तो तसं म्हणायचा.

पुढं पाऊसपाणी झालं, काम बंद पडलं, हातोडे घरोघर उतरंडीमागं जाऊन बसले. दादाच्या कानात मात्र ते चालूच राहिले. आधी नुसती ठोकठोक. मग त्या ठोक्यांमधून कुणीतरी नावं पुकारायला लागलं. स्वतःचं नाव आलं की त्याला उत्तर देणं भाग पडायचं. मला तो हे अगदी शांतपणे समजावून सांगायचा, एखाद्याला एसटीची वेळ सांगावी तसं.

"मला ठावं हाय तिथं कुणी न्हाय. पर म्या गप बसलो अन् खाडा पडला तर?"

खाडा पडला तर काय, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

दारू त्यानं जवळ केली ती या पुकाऱ्यावर उतारा म्हणून. रस्त्यापलीकडच्या ओढ्यात हातभट्टी लागायची, तिथं तो संध्याकाळचा जायला लागला. प्याल्यावर आवाज थांबत नाही, पण लांब जातो, असं त्यानं मला सांगितलं होतं. डोंगराच्या पल्याड कुणीतरी दुसऱ्यालाच बोलवायलंय असं वाटतं म्हणे. गावाला हे उलटं दिसायचं. गावाच्या मते दादा पितो म्हणून बरळतो. पारावर यावर रीतसर दोन पक्ष पडले होते. एक म्हणायचा आधी दारू, मग भास. दुसरा म्हणायचा आधी भास, मग दारू. दोघांकडंही पुरावे होते, कारण दारू मिळाली नाही की दादाचे हात थरथरायचे, घाम सुटायचा आणि पुकारा दुप्पट व्हायचा. मिळाली की तो कुठंतरी पडून असायचा. पाराचा निकाल काही लागला नाही. दादाला उचलून आणायला मात्र वहिनी आणि मीच जायचो. वहिनी पायाकडून धरायच्या, मी डोक्याकडून, आणि वाटेत काहीतरी बोलून मी त्यांना हसवायचो. एकदा त्या म्हणाल्या, "भावजी, हसलं की वझं हलकं वाटतंय म्हणून हसते. तुमचं बोलणं काय लई भारी नसतंय."

त्याच सुमाराला आमच्या भागात सहकाराचं वारं आलं. ज्याला सही करता येई तो कुठल्या ना कुठल्या सोसायटीचा कुणीतरी होई. मीही दूध सोसायटीत लागलो. दुधात काचेची नळी सोडून त्यात पाणी किती ते बघायचं माझं काम. ही नळी मला कधी नीट वाचता आली नाही. याला बघितलं की म्हशी आपण होऊन पाणी घालून देतात, असं चेअरमन म्हणायचे. त्यांनीच दयेपोटी दादाला दुधाचे कॅन रस्त्यापर्यंत नेऊन गाडीत चढवायचं काम दिलं. काही घरांनी कुरकुर केली. त्याच्या हाताला वास येतो, म्हणाले. वास दारूचा म्हणायचे. पण त्यांना तो वास आमच्या हाताला दारूच्या कितीतरी आधीपासून येत होता.

वहिनींच्या मावशीचं म्हणणं पडलं की त्याला येरमाळ्याला नेऊन येडेश्वरीच्या पायावर घाला. आबांनी ते एका वाक्यात मोडून काढलं. "देव आपण बुडवून आलाव. आता त्यांचाच पत्ता इचारत कुठं फिरता?"

आबा म्हणजे आमचे थोरले चुलते. वडील लवकर गेल्यामुळं घरात शब्द त्यांचा, आणि वस्तीतही त्यांचाच. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा ते ऐन उमेदीत होते. त्यांनी तो नुसता घेतला नाही, पाळला. त्यांच्या बापाला, म्हणजे माझ्या आजोबांना, दारूनं कसं संपवलं ते त्यांनी पोरवयात पाहिलं होतं. त्यामुळं पंचशीलातलं पाचवं शील, कुठलीही नशा करणार नाही हे, त्यांच्या लेखी पहिलं होतं. वस्तीतली दारूची मडकी त्यांनी स्वतःच्या काठीनं फोडली होती. ते तंबाखू खायचे. ती मात्र नशेत धरत नसत, आणि तसं का, हे विचारायची छाती कुणाची नव्हती. माझी तर छाती मुळातच अरुंद.

आबांनीच सांगितलं, सोलापूरला मोठ्या दवाखान्यात न्या. वहिनी, दादा आणि मी एसटीनं गेलो. कंडक्टरनं "कोण राहिलंय का?" म्हणून विचारलं आणि दादा "हाजर" म्हणाला. त्याला तिकीट देऊन कंडक्टर पुढं गेला. त्या प्रवासात दादाचं बोलणं एवढं एकदाच बरोबर ठिकाणी पडलं.

डॉक्टर तरुण होता. त्यानं दादाला हसलं नाही. वहिनींना त्यानं सांगितलं की यांना दोन दुखणी आहेत, एक मनाचं आणि एक दारूचं, आणि दोन्ही एकमेकांना धरून उभी आहेत. एकाला पाडलं तर दुसरं त्याला उचलतं. दोन्हींवर एकदम उपाय करायला हवा. गोळ्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी घ्यायच्या, आणि गोळ्या चालू असताना दारूला शिवायचं नाही. बरं वाटलं तरी घ्यायच्या, हे त्यानं दोनदा सांगितलं. पारावर जो वाद इतकी वर्षं चालला होता तो त्यानं पाच मिनिटांत मिटवला, आणि गावात येऊन मी ते सांगितलं तर पाराला ते मुळीच आवडलं नाही.

गोळ्या पिवळ्या होत्या. महिन्याभरात दादा गप झाला. एकदा दुपारी ओट्यावर बसला असताना तो मला म्हणाला, "आज कुणी बोलावलं न्हाय." थोड्या वेळानं परत म्हणाला, "कालबी न्हाय." वहिनी आत भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबलेला मला ऐकू आला.

पण गोळीनं त्याचं अंगही नेलं. पाय ओढत चालायचा, जीभ जड झाली, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, कॅन उचलताना हात कापायचा. आणि दारू सुटली नव्हती. गोळीवर दारू पडली की तो असा झोपायचा की वहिनी त्याच्या नाकाशी बोट धरून बसायच्या. एकदा तो रस्त्याच्या चारीत पडलेला सापडला, ट्रका त्याच्या पायापासून हातभर अंतरावरून चाललेल्या. डॉक्टरनं त्या वेळी स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर हे वाचायचे नाहीत.

त्यानंतरच्या वैशाखी पौर्णिमेला दादा विहारात सगळ्यांसमोर उभा राहिला. आमचं विहार म्हणजे एक खोली, खाली शहाबादी फरशी. त्यानं हात जोडून पाचवं शील नव्यानं घेतलं आणि म्हणाला, आजपासून थेंब घेणार नाही. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांच्या डोळ्यांत पाणी मी तेवढंच पाहिलं. आणि तिथंच त्यांनी सांगून टाकलं की उद्यापासून वंदना हाच सांगेल. हा मान मोठा होता. पुढं एकानं उभं राहून एकेक शील सांगायचं आणि बाकी सगळ्यांनी त्याच्या मागून म्हणायचं, अशी आमच्याकडची पद्धत. मुकादमाचा गळा परत कामाला आला.

दादानं शब्द पाळला. भट्टीवरचे जुने सोबती वाटेत अडवून चेष्टा करायचे, भन्तेजी म्हणून पाया पडायचे. तो मान खाली घालून कॅन घेऊन पुढं जायचा. पण वंदनेला उभा राहिला की गोळीमुळं झोकांड्या जायच्या. शब्द ओलसर यायचे. शेवटच्या ओळीतली पोरं त्याची नक्कल करायला लागली.

आबांनी ते बघितलं. एक दिवस वंदना झाल्यावर ते त्याला म्हणाले, "जीभ जड होती, पाय आडवा पडतो, डोळा मिटतो. बाटलीतनं आली काय अन् कागदातनं आली काय, नशा ती नशा. तू पाचवं शील सांगतोस लेका. बघ तुझं तू."

गोळी सोड, असं ते म्हणाले नव्हते. पण दादा असा माणूस होता की म्हातारीचा खाडा त्याच्या कानातून गेला नव्हता. पाचवं शील सगळ्यांना सांगायचं आणि घरी येऊन गोळी गिळायची, हे त्याला खोटं वाटायला लागलं. काही दिवसांनी त्यानं गोळ्यांची पुडी वहिनींच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "ही बी सुटली."

आम्हाला आनंद झाला. हे मला लिहिताना जड जातंय, पण तसंच झालं. डॉक्टरनं दोनदा सांगितलेलं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं, तरी घरात पुरणाचा स्वयंपाक झाला. कारण दादा खरोखर सुधारला. पंधरा दिवसांत पाय सरळ पडायला लागला, लाळ थांबली, जीभ सुटली. तो हसायला लागला, माझी थट्टा करायला लागला. तुझ्या नळीपेक्षा माझं बोट बरं, म्हणायचा, आणि दुधात बोट घालून पाणी किती ते सांगायचा. वहिनींनी त्याच्यासाठी पांढरा सदरा शिवून घेतला. इतका चांगला दादा मी दुष्काळानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. दारूही नाही, गोळीही नाही, आणि माणूस लखलखीत. आबा सगळ्या वस्तीला त्याचं उदाहरण द्यायचे.

मग एका सकाळी विहारात तो चौथं शील सांगून थांबला. मान वर केली, दाराकडं बघितलं आणि म्हणाला, "हाजर."

त्याच्या मागून म्हणायची सगळ्यांना सवय झाली होती. अख्खं विहार एका सुरात म्हणालं, "हाजर."

पोरं फुटून हसली. बायकांनी पदर तोंडाला लावले. मलाही हसू आलं. दादानं वळून आमच्याकडं पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, लाज नव्हती. सुटल्यासारखं काहीतरी होतं. इतक्या वर्षांनी त्याच्याबरोबर आणखी कुणीतरी उत्तर दिलं होतं. वहिनी उठल्या आणि त्याचा हात धरून त्याला घरी घेऊन गेल्या.

त्यानंतर तो खाणीत जायला लागला. सकाळी उतरंडीमागचा हातोडा काढायचा आणि ओसाड खाणीत एकटाच खडी फोडत बसायचा. कामावर असलं की नाव एकदाच पुकारतात, घरी असलं की दिवसभर, असा त्याचा हिशेब होता. फोडलेल्या खडीचा ढीग तो चौकोनी रचायचा, कडा हातानं सारख्या करायचा. सोसायटीचं काम गेलं. पण त्यानं दारूला हात लावला नाही. हे मला आजही कळत नाही. ओढा तिथून दिसायचा, भट्टीचा धूर दिसायचा. आवाज लांब न्यायचा उपाय त्याला माहीत होता. तरी तो त्या ठोक्यांमध्ये तसाच बसून राहिला. आधी त्याच्याकडं दारू आणि गोळी दोन्ही होती, आता दोन्ही नव्हती.

वहिनींनी त्याला गोळी घ्यायची विनवणी केली. तो हात जोडायचा. शेवटी त्यांनी गोळी ठेचून आमटीत घातली. चार-पाच दिवस चाललं. मग एक पिवळा कण त्याच्या दाताखाली आला. त्यानं ताट हळूच पुढं सारलं आणि त्या दिवसापासून वहिनींच्या हातचं खाणं सोडलं. हरभरे भाजून खिशात घेऊन जायचा, तेवढ्यावर राहायचा. पोटऱ्या गेल्या, डोळे आत गेले.

तेव्हा वहिनी आबांकडं गेल्या. सासऱ्याच्या ठिकाणचा माणूस, त्यामुळं त्यांच्यासमोर त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या दिवशीही दाराच्या आडच उभ्या राहिल्या, पण आवाज स्पष्ट होता. मी ओट्यावर होतो.

"आबा, माझ्याकडनं ते घ्यायचे न्हाईत. म्या चोरून घातली, माझा हात गेला. तुमी नशा म्हणलाव म्हणून त्यांनी सोडली. आता तुमीच न्हाय म्हणा."

"म्या म्हणलो म्हणून ती नशा व्हती काय?" आबा म्हणाले.

"त्यांच्यासाठी व्हती."

आबांनी तोंडातली तंबाखू थुंकली. मग मला म्हणाले, सोलापूरची गाडी किती वाजता असते. दवाखान्यात त्यांनी त्या तरुण डॉक्टरसमोर बसून सगळं विचारून घेतलं, अगदी तंबाखूसकट. डॉक्टरनं काय उत्तर दिलं ते त्यांनी घरी कुणाला सांगितलं नाही, पण येताना तंबाखूची चंची रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाणीत पाठवून दादाला विहारात बोलावून घेतलं. सगळी वस्ती बसलेली. आबांनी गोळी स्वतःच्या तळहातावर ठेवली, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, आणि म्हणाले, "हे औषध हाय. म्या नशा म्हणलो, म्या चुकलो. घे."

दादा त्यांच्या तळहाताकडं बघत राहिला. मग त्यानं गोळी उचलली आणि घेतली.

तिथून पुढची काही वर्षं बरी गेली. फार चांगली नाही, बरी. रोज सकाळी आबा काठी टेकत आमच्या ओट्यावर यायचे, गोळी तळहातावर धरायचे, दादा घ्यायचा. वहिनींच्या हातचं तो परत जेवायला लागला. वंदना बसून सांगायचा, भिंतीला पाठ लावून. जीभ जड होई, पोरांना आबांनी एकदा डोळे दाखवले तेवढे पुरले. मधे दोन-तीनदा तो भट्टीवर गेला. त्या दिवशी आबा गोळी द्यायचे नाहीत. त्याची उतरेपर्यंत उशाशी बसून राहायचे, आणि शुद्ध आली की रागावायचेही नाहीत. ज्या माणसानं काठीनं मडकी फोडली होती तो दादाची ओकारी आपल्या धोतरानं पुसायचा. मी ते बघितलंय.

मग पावसानं परत ओढ दिली त्या सालात आबा गेले. चार दिवस आधी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि गोळ्यांची डबी माझ्याकडं दिली. "आता तू दे," म्हणाले. गोळीसाठी वहिनींचा हात गेलेला, आणि घरात दुसरं कुणी नव्हतंच.

पुढच्या उन्हाळ्यात दादाही गेला, खाणीतच. दुपारी वहिनी भाकरी घेऊन गेल्या तेव्हा तो आपल्या खडीच्या ढिगाला टेकून बसला होता. जवळ बाटली होती. ऊन लागून गेला असं कुणी म्हणालं, दारूनं गेला असं बाकीचे म्हणाले. पारावर परत दोन पक्ष पडले असतील. मी त्यानंतर तिथं बसलो नाही.

पण ज्या दिवशी तो खरा हातातून गेला ती सकाळ वेगळी. आबांच्या मागचा पुण्यानुमोदनाचा विधी होऊन आठवडाही झाला नव्हता. दादा गोळीविना होता आणि खाणीत जायला लागला होता. मी तांब्या आणि डबी घेऊन गेलो. आबांसारखी गोळी तळहातावर ठेवली. चेहरा गंभीर करायचा प्रयत्न केला. तो मला कधीच नीट जमलेला नाही. म्हणालो, "दादा, हे औषध हाय. घे."

त्यानं हातोडा खाली ठेवला. माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हसायला लागला. वाईट हसणं नव्हतं ते. लहानपणी मी झाडावरून पडलो की तो असाच हसायचा.

"तू काईबी दे," तो म्हणाला, "मला हसूच येतंय रे. आबांनी दिली की ते औषध व्हतं."

मी म्हणालो, डॉक्टरनं दिलंय, आबांनीच डबी माझ्याकडं दिलीय. त्यानं मान हलवली. माझ्यावर अविश्वास नव्हता त्याचा. पण मी सांगितलेलं कधी कुणाच्या पोटात उतरलं नव्हतं, सगळं ओठांवरच राहायचं; आणि गोळी तर गिळायची होती. त्यानं दगडावर सरकून मला जागा केली.

"बस. सोसायटीतलं काईतरी सांग."

मी बसलो. चेअरमनची म्हैस सोसायटीच्या आवारात शिरली होती ते सांगितलं. तो खोकला लागेपर्यंत हसला. मधेच मान वर करून त्यानं कुणालातरी उत्तर दिलं आणि परत माझ्याकडं वळून म्हणाला, "मग? पुढं?" मी पुढचं सांगितलं. ऊन चढलं. तो परत हातोडा घेऊन बसला तेव्हा मी उठलो.

घरी आलो तर वहिनी हातपंपावर घागर भरत होत्या. मी मूठ उघडली. घामानं गोळी विरघळून सगळा तळहात पिवळा झाला होता. वहिनींनी घागर खाली ठेवली, पंपाचा दांडा धरला आणि मी हात धुईपर्यंत हापसत राहिल्या.